कमलची कपबशी

"कमल बरी झालीय, गंगूबाई. थुंकी तपासली, आता काही निघत नाही. आजपासून तिला घरात घ्या," असं प्रेमलता सिस्टरने दुसऱ्यांदा सांगितलं, तरी म्हातारीचे तांदूळ निवडणारे हात थांबले नाहीत.

प्रेमलता क्षयाच्या दवाखान्यातली फिरती नर्स. घरोघर जाऊन गोळ्या कशा घ्यायच्या, खोकताना काय करायचं हे शिकवायचं तिचं काम. सियागंज बाजारामागच्या या घरात मात्र सुरुवातीला तिची डाळ शिजत नव्हती. गंगूबाईंचे यजमान होळकरांच्या लालबाग राजवाड्यात चाकरीला होते. होळकरांचं राज्य गेलं, मध्यप्रदेश झाला, पण गंगूबाईंचं सोवळं तसूभरही हललं नाही. जंतूंचं नाव काढलं की त्या हसायच्या. देव सोडला तर न दिसणाऱ्या कशावरही त्यांचा विश्वास नव्हता.

मग प्रेमलताला युक्ती सुचली. सुनेचा खोकला ओवळा समजा, ती म्हणाली. रोग आत छातीत आहे, तेव्हा कपबशी वेगळी, ताटली वेगळी, अंथरूण मागच्या पडवीत, लेकीने शिवायचं नाही. एवढ्याने घर सुतासारखं सरळ झालं. नुकती बोलायला लागलेली मंजिरीसुद्धा फ्रॉकचं टोक तोंडावर धरून लांबूनच आईला हाक मारायला शिकली. दवाखान्यात प्रेमलताची पाठ थोपटली गेली. तिने तीच युक्ती पार बेटमा गावापर्यंत घरोघर सांगितली. तेव्हा किती हुरळून गेली होती ती!

"ओवळं आंघोळीनं जातं ना, गंगूबाई?" तिने आता शेवटचा उपाय करून पाहिला.

"अंगावरचं जातं, सिस्टरबाई. हे तर अंदरचं आहे. तुम्हीच तर बोलल्या होत्या."

प्रेमलताने कमलच्या नवऱ्याकडे पाहिलं. दिवाकर सियागंजात किराण्याच्या दुकानी मुनीम होता. आईचं वय झालंय, कशाला उगाच कटकट, असं काहीसं तो पुटपुटला. कमलला तिकडे काही कमी नाही, दोन्ही वेळचं जेवण जातं, म्हणाला. "आदत झालीय तिला आता, सिस्टरजी," एवढंच त्याने नीट ऐकू येईल असं सांगितलं.

प्रेमलता तावातावाने मागे पडवीत गेली. कमल शेगडीवर चहा ठेवून बसली होती. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, गालांवर रंग आला होता. कोनाड्यात तिची एकुलती एक कपबशी पालथी घातलेली होती. प्रेमलताने तीच उचलली आणि चहा मागितला.

"त्यात नको, सिस्टर. तुम्ही कशाला बाटता?"

"तू बरी आहेस, कमल. मी सांगतेय ना."

"हो ना," कमल म्हणाली, पण कपात चहा ओतताना तिने पदर तोंडावर धरलाच.

आवाज ऐकून मंजिरी दारात आली. आता शाळेत जायला लागली होती. उंबऱ्याच्या आतच थांबून तिने सवयीने फ्रॉक तोंडावर धरला. कमलच्या डोळ्यांत कौतुक मावेना. "बघा, कधी भूलत नाही. तुम्ही शिकवलं ते सगळं ध्यानात आहे तिच्या."

पोरीला दिसेल असा कप वर धरून प्रेमलता घोट घोट चहा प्यायली. मग म्हणाली, "बघ, मी आईच्या कपातून प्याले. मला काही झालं का? ये, आईजवळ बस." आणि तिला धरून आणायला हात पुढे केला.

मंजिरी दोन पावलं मागे सरली. तिने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा सिस्टरच्या तोंडाकडे.

"आता तुम्ही पण तिकडेच बसा," ती फ्रॉकआडून म्हणाली.

कमलने आपल्या चटईवर थोडी जागा केली. प्रेमलता हातातला कप घेऊन तिच्याशेजारी बसली.