कुंपणापलीकडच्या गोगलगायी

कोबीवरच्या बिनशंखाच्या गोगलगायी मी मारत नाही. मीठ टाकून त्यांचा फेस बघत बसणं आपल्याच्याने होत नाही बाई. मी त्या उचलते आणि शेजारी सेल्विनच्या मळ्यात फेकते. वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात भाड्याने मळा करणारे सगळेच शेजाऱ्याला असा आहेर करतात. कबूल मात्र कुणी करत नाही.

सेल्विन निवृत्त बस ड्रायव्हर. घरात तो आणि त्याची स्पॅनियल कुत्री, फ्लॉस. एप्रिलमध्ये ती खोकायला लागली.

"गवत अडकलं असेल घशात," मी म्हटलं.

"तुझा केक खाल्लाय तिनं, एनिडबाई. माझाही घसा तेव्हापासून धरलाय."

"मेल्या, तीन तुकडे गिळलेस तेव्हा नाही धरला?"

पुढच्या आठवड्यात फ्लॉसच्या नाकातून रक्त आलं. जनावरांच्या डॉक्टरणीकडून परत आल्यावर सेल्विनने माझ्या थर्मासमधला चहा ओतून घेतला.

"विचारते कशी, ही गोगलगायी खाते का? त्यांच्यातून जंत जातात म्हणे फुप्फुसात. रक्त तपासू म्हणाली. मी म्हटलं, माझ्या मळ्यात एक गोगलगाय दाखवा, नाव बदलीन. उगाच सुया कशाला टोचता?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या दिवशी सकाळीच मी अकरा फेकल्या होत्या. पण मी मिठाची गुळणी धरली. लाज वाटली, दुसरं काही नाही.

नऊ दिवसांनी फ्लॉसच्या नाकाचं रक्त थांबेना. मग मी त्याच्या दारात गेले.

"सेल्विन, गोगलगायी मी टाकते. रोज. डॉक्टरणीला सांग."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन उचलला. तपासणीत जंतच निघाले. औषध सुरू झालं, पण फार उशीर झाला होता. गुरुवारी ती गेली. मला रडू आलं नाही. कपबशा विसळल्या, इस्त्री केली. आतून सगळं बधिर झालं होतं.

शनिवारी सेल्विन वालाचे वेल काठ्यांना बांधत होता.

"शिव्या घाल मला," मी म्हटलं.

"कशाला?" तो सुतळी तोडत म्हणाला. "तू टाकतेस ते मला दोन वर्षांपासून माहीत होतं."

"मग डॉक्टरणीला नाही कशाला म्हणालास?"

"मळा माझा. त्यात गोगलगायी आहेत हे तोंडाने म्हणवेना. आणि वाटायचं, फ्लॉस चघळून थुंकत असेल." त्याने गाठ मारली, सोडली, परत मारली. "आठ वाजले की कुंपणाशी जाऊन बसायची गं. तुझी वाट बघत. शेपूट नुसती हलत असायची. हवेतच झेलायची, एकही खाली पडू द्यायची नाही. मी टाळ्या वाजवायचो."