एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट

मी एक जुनी टेप आहे. टोपीवाल्या मावशींच्या गळ्यात पंचवीस वर्षं लोंबलेली, पिवळ्या कापडाची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा असलेली. माझे पहिले सात आकडे घासून पुसले गेले आहेत. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टेपला कसलं आलंय आयुष्य! पण माणसांची डोकी मी जितक्या जवळून पाहिली, तितकी फार थोड्यांनी पाहिली असतील. त्यातल्या एका डोक्याने मला जी भीती घातली, ती अजून माझ्या विणीतून गेलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आधी कापड विणलं, मग त्यावर लेप चढवला, मग आकडे छापले. आमच्या गठ्ठ्यात आम्ही बाराजणी होतो. मावशींनी प्रत्येकीला लाकडी पट्टीवर ठेवून तपासलं आणि मला निवडलं. "खोटी टेप घरात ठेवायची म्हणजे खोटा साक्षीदार पोसायचा," असं त्या म्हणत.

दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी, दोन शिलाई मशिनं आणि फळीवर डोक्याच्या आकाराचे लाकडी ठोकळे. वॉचमन, बँडवाले, ड्रायव्हर असे गणवेशाची टोपी लागणारे सगळे तिथे येत. सर्वांत मोठा ठोकळा होता साठ सेंटीमीटरचा. त्याच्यावरची धूळ क्वचितच झटकावी लागे.

एके दिवशी सकाळी नदीवरच्या फेरीबोटीचे कप्तान आले. चाळिशीचे, हसतमुख गृहस्थ. हातात टोपी, कपाळावर तिचा लाल वळ.

"मावशी, सगळी दुकानं पालथी घातली. एकजण तर म्हणाला, तुम्हाला टोपी नाही, टोपलीच लागेल!"

"डोकं देवाने दिलंय, टोपी माणसाने केलीय," मावशी म्हणाल्या. "मग चूक कुणाची? बसा इथे."

भुवयांच्या बोटभर वरून, कानांना न टेकता, मागच्या उंचवट्यावरून त्यांनी मला फिरवून आणलं. माझ्याखाली एक बोट सरकवून पाहिलं, आवळपणा नको म्हणून. एकसष्ट भरलं. मग त्यांनी साठच्या ठोकळ्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, गुंडाळून तो एकसष्टचा केला. "मोठ्या डोक्याला नुसता घेर पुरत नाही, खोलीही लागते," म्हणत टोपी अर्धं बोट उंच बेतली आणि आत मऊ सुती घामपट्टी लावली.

टोपी घालून कप्तान दहा मिनिटं बसले. काढली तेव्हा कपाळावर रेघसुद्धा नव्हती.

"मावशी, मी टोपी घातली होती की नव्हती हेच कळलं नाही! ही टेप जपून ठेवा हो."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान. मी किती फुगले असेन, विचारू नका.

दीड वर्षाने ते पुन्हा आले. "टोपी आटली वाटतं. डोकं ठणकतं संध्याकाळी."

"गरम पाण्यात टाकली होतीत?"

"पाणी दाखवलं नाही हो तिला."

मावशींनी मला फिरवलं. बासष्ट. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मापांची वही उघडली, मागचा आकडा पाहिला आणि मला लाकडी पट्टीवर ताणून धरलं. मित्रांनो, मी ताणले गेले असते, तर माप कमी भरलं असतं, जास्त नाही. मी पट्टीशी तंतोतंत जुळले. तारीख घालून मावशींनी बासष्ट लिहिलं आणि टोपी शिवून दिली. पण त्या दिवशी माझं टोक त्या उगाचच बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

त्यानंतर वर्षभराने कप्तान आले, ते दाराच्या चौकटीला खांदा आपटून. शेजारचं स्टुलही त्यांना दिसलं नाही, ते आडवं झालं. आवाज घोगरा, खोल झाला होता. दातांत फटी पडल्या होत्या. बोटं इतकी जाड झाली होती, की लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली होती. "बूटसुद्धा दोन नंबर वाढले," ते हसत म्हणाले. मावशी हसल्या नाहीत.

त्रेसष्ट.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा त्रेसष्ट. मी त्या कपाळाभोवती होते, म्हणून सांगते, भुवईचं हाड पूर्वी सपाट होतं, तिथे आता कड आली होती. टोप्या बिचाऱ्या जशाच्या तशा होत्या. त्या कवटीच्या आत बसून कुणीतरी तिला गुपचूप बाहेर ढकलत होतं.

"कप्तान, पोरांची डोकी वाढतात. थोरांची नाही. डॉक्टरांना दाखवा."

"मला टोपी हवीय मावशी, तब्येतीची चौकशी नको."

"मग मी शिवणार नाही."

"नका शिवू! रस्त्यावर इलॅस्टिकच्या ढिगाने मिळतात." ते तणतणत निघाले आणि पुन्हा चौकटीला धडकले. या खेपेला दुसरा खांदा.

मावशींनी दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी वही पिशवीत टाकली आणि मला गळ्यात तशीच ठेवून फेरीबोटीवर चढल्या. बोट भरलेली होती. सायकली, भाजीच्या पाट्या, शाळेतून परतणाऱ्या मुली. पुढच्या काचेच्या खोलीत कप्तान सुकाणू धरून उभे होते, डोक्यावर इलॅस्टिकची टोपी. मावशी दारातच थांबल्या.

मध्यावर आल्यावर डावीकडून एक मासेमाऱ्याची होडी सरळ आमच्याकडे येताना दिसली. होडीतला म्हातारा जाळं ओढत होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. मावशी वाट पाहत राहिल्या, आता वळवतील, आता वळवतील. कप्तान शांतपणे समोर बघत होते.

"अहो, डावीकडे! होडी!"

त्यांनी अख्खी मान वळवली तेव्हा कुठे त्यांना ती दिसली. सुकाणू गरकन फिरलं. पाट्या कलंडल्या, मुली किंचाळल्या, आणि ती होडी हातभर अंतरावरून डोलत मागे गेली.

बोट काठाला लागली. सगळे उतरल्यावर मावशींनी वहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. तीन तारखा, तीन आकडे.

"कडेचं कधीपासून दिसत नाही?"

"मला वाटायचं, लोक मुद्दाम चोरपावलांनी येतात," कप्तान हळूच म्हणाले. "कुणाला सांगू? सांगितलं तर बोट जाईल."

"आणि न सांगता गेली असती तर?"

दुसऱ्याच दिवशी ते इस्पितळात गेले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ वाढली होती. तीच हाडं वाढवत होती आणि डोळ्यांच्या नसाही दाबत होती. हे दुखणं दबक्या पावलांनी येतं, रोज आरशात बघणाऱ्यालाही उमगत नाही. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कप्तानांनी वहीचं पान पुढे केलं. नाकातून शस्त्रक्रिया झाली. नजर बरीचशी परत आली, पण गाठीचा एक तुकडा रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो तसाच राहिला. सुकाणू त्यांनी आपणहून सोडलं. आता ते धक्क्यावर दोरखंड सांधतात.

वाढलेलं डोकं मात्र उतरत नाही. मावशींनी त्रेसष्टची टोपी शिवून दिली आणि दर सहा महिन्यांनी ते मापाला येऊ लागले.

मावशींचे डोळे आता अधू झालेत. दुकान त्यांची भाची बघते. ती इलॅस्टिकच्या टोप्या विकते आणि मी खणात बटणांखाली पडून असते. त्या टोप्यांवर माझा राग नाही. त्या सगळ्यांना बसतात. पण डोकं वाढलं तर त्याही गुपचूप वाढतात, कुणाला सांगत नाहीत.

"गाठ वाढतेय का, ते डॉक्टर रक्त तपासून बघतातच ना? मग ही टेप कशाला?" भाचीने परवा कप्तानांना विचारलं.

"रक्त काय बोलतं ते डॉक्टरांना कळतं. हिचं मला कळतं."

मावशींनी चाचपडत मला फिरवलं, भाचीने आकडा वाचला. त्रेसष्ट. तिघांनीही रोखलेला श्वास सोडला. भाचीने तारीख घालून आकडा वहीत लिहिला. तो तुकडा आत आहे, हे मलाही ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्यांचे बूट, अंगठी, चष्मा, टोपी अचानक होईनाशी झाली, तर थट्टेवारी नेऊ नका. आकडा पटला नाही तर मला एकदा पट्टीवर ठेवून जरूर तपासा. पण दुसऱ्यांदा तोच आकडा आला, तर मला खणात टाकू नका. त्या माणसाचा हात धरा.