पंखाखालचे ठिपके

मी एक जुने फुलपाखरू आहे, मित्रांनो. मला मरून चाळीस वर्षे झाली, पण खोक्याच्या काचेखाली सगळे ऐकू येते.

अळी असताना मी गावाबाहेरच्या कुरणात गवताचे एक पाते दुमडून रेशमाने शिवले आणि त्या नळीत राहिले. विष्ठासुद्धा लांब उडवून द्यायचे, कारण वासाने गांधीलमाशी माग काढते. मोठेपणी बुटके, तपकिरी, बाणासारखे उडणारे झाले. आमच्यासारखे दिसणारे भाऊबंद पुष्कळ. ओळख पटते ती मागच्या पंखाच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरून.

संग्रहालयातल्या काकांनी मला पकडून, पंख पसरून टाचणी मारली. खालची बाजू खालीच राहिली. वरवर पाहून त्यांनी चिठ्ठीवर दुसऱ्याच फुलपाखराचे नाव लिहिले. शेजारच्या रांगेतले, त्या नावाचे खरे मालक, माझ्याकडे वळून पाहतात असे वाटे. टाचणीवरून कुणी वळत नाही, हे मलाही ठाऊक होते.

आता संग्रहालय काकांची पुतणी सांभाळते. मागच्या महिन्यात ती मला घेऊन त्यांच्या घरी गेली.

“काका, उद्या कुरणावर नांगर फिरतोय. तिथं सगळी साधीच फुलपाखरं आहेत, अशा अहवालावर सही केलीत तुम्ही.”

“साधीच आहेत. चाळीस वर्षं तेच लिहितोय मी.”

“चाळीस वर्षं चष्माही तोच आहे तुमचा. हे बघा.”

तिने माझ्याखाली छोटा आरसा धरला. मी स्वतःला पहिल्यांदाच खालून पाहिले. आरशातल्याने मिशी हलवली. मी हलवली नव्हती.

काकांनी ठिपके तीनदा मोजले.

“चार, आणि एका ओळीत. चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याचे पाच असतात, वेडेवाकडे.” त्यांनी चिठ्ठीवरचे नाव पुन्हा वाचले. “हे फक्त त्या कुरणातच असतं. मी उलटून पाहिलंच नाही गं.”

“मग तसंच लिहून द्या. आत्ताच.”

त्यांनी लिहिले, माझी चूक झाली. नांगर थांबला.

पुतणीला कुरणात एक शिवलेले पाते सापडले. ते बरणीत, माझ्या खोक्याशेजारीच आहे. खोली रिकामी झाली की कुरतडण्याचा आवाज येतो. आवाज माझ्या ओळखीचा आहे. तो बरणीतून येतो की माझ्या सुकलेल्या पोटातून, तेवढे कळत नाही.

मित्रांनो, कुणाला नावाची चिठ्ठी लावण्याआधी एकदा उलटून पाहा. टाचणी बसल्यावर आम्हांला सांगता येत नाही.