पाच बोटांची थंडी

त्या वर्षी मार्गशीर्षातच पंचगंगेवरनं असा गार वारा सुटला, की शाळेत मुली लिहायला बसण्याआधी हातांवर फुंकर मारायच्या. एक्कावन्न साल असेल. गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या पेठेच्या, मागच्या बोळात आमचं घर आणि समोर शमशुद्दीन पटवेगारांचं. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात बसतो पटवेगाराच्या हातानं. सोन्याचे मणी रेशमात ओवायचे, गाठी मारायच्या, मागे गोंडा बांधायचा, हे त्यांचं पिढीजात काम. मी शाळेत शिकवायचे, आणि त्यांची मुलगी अमीरबी माझ्याच वर्गात होती. बारा वर्षांची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

एका मंगळवारी शाळा सुटल्यावर ती हात ओढणीत गुंडाळून माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, हात दावते. पर हसायचं न्हाई."

हात पाहिले. थंडीनं सगळी बोटं उललेली, आणि वर पिवळट, चकचकीत काहीतरी फासलेलं.

"हे काय गं?"

"मेण. रेशमाला मेण लावलं की त्ये गुळगुळीत हुतंय. म्हटलं, बोटं बी हुतील."

"मग झाली?"

"कुठली! रेशीमच बोटाला चिकटलं. हात झटकला तर सगळी लडी हातासंगं आली. अब्बा हसलं हसलं, आणि खोकतच बसलं."

मी हसले नाही. मला फार कष्ट पडले.

मग तिनं खरं दुखणं सांगितलं. कसबा बावड्याच्या बाळाबाईंनी लेकीची बोरमाळ ओवायला टाकली होती. लेक कालिंदी, पुढच्या शुक्रवारी तिचं लग्न. ती स्वतः दुकानात आली आणि म्हणाली, "अमीर, माझी बोरमाळ तूच ओव." अमीरबी दोन वर्षं गोंडे बांधत होती, पण सोन्याला तिनं अजून हात लावला नव्हता. शमशुद्दीनभाईंनी तिच्या बोटांवरून रेशमाचा एक पदर ओढून पाहिला, तर तो प्रत्येक भेगेत अडकला, विसकटला. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारपतूर रेशीम सरळ सरकलं तर माळ तुझी. न्हाईतर मी ओवीन."

"आठ दिवस हायेत," ती म्हणाली. "काय लावू, सांगा की."

सांगता आलं असतं. पण सांगितलेलं मुलं विसरतात, शोधलेलं विसरत नाहीत. मी विचारलं, "तुझ्या वर्गातल्या मुली थंडीत काय काय लावतात?"

ती मोजायला लागली. श्यामला साय लावते. कुणी खोबरेल, कुणी तिळाचं तेल, कुणी कोकमतेल. डॉक्टरांच्या मुलीकडे ग्लिसरीनची बाटली.

"पाच झाली. आणि बोटं किती?"

तिचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती उजव्या हाताच्या पाचही बोटांना पाच रंगांचं रेशीम बांधून. अंगठ्याला पांढरं म्हणजे साय, तर्जनीला हिरवं म्हणजे खोबरेल, असं. सगळा वर्ग तिच्याभोवती. त्या आठवड्यात माझं गणित मागे पडलं, पण निरीक्षण पुढे गेलं.

गुरुवारी बातमी आली, की साय मांजरानं चाटली. "अंगठा स्वच्छ झालाय बाई, पर मऊ न्हाई." खोबरेल बाटलीतच थिजलं, ते काडीनं खरवडून काढावं लागलं. नुसतं ग्लिसरीन भेगेत गेलं आणि अशी आग झाली, की करंगळी तोंडात घालून ती अंगणभर नाचली. डॉक्टरांच्या मुलीनं मग सांगितलं, "अगं, पाणी घालायचं असतं त्यात!"

"आधी सांगाया काय झालतं तुला?"

"तू विचारलंस कुठं?"

शुक्रवारीही पाचही बोटांवर रेशीम अडकलं. अमीरबीचा चेहरा उतरला. "बाई, ह्यातलं एक बी खरं न्हाई."

"पाचांना पाच वेगळ्या गोष्टी लावल्यास," मी म्हटलं. "मग पाचही सारखी कशी फाटतात? पाचांना सारखं असं काय लागतं?"

तिनं बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मी तोवर वह्या तपासल्या. चार वह्या झाल्या असतील.

"राख!" ती एकदम ओरडली. "सांजच्याला मी राखंनं भांडी घासते की आमच्या घरची! आणि सोड्यानं कापडं! तेल लावायचं आन् लगेच धुऊन टाकायचं. येडीच हाय मी."

त्या संध्याकाळी समोरच्या घरातून जो गोंधळ ऐकू आला, तो सगळ्या बोळानं ऐकला. अमीरबीनं पाच दिवस कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, असं तिच्या आईनं, हुसेनबीनं ठरवलं. मग घासायची कुणी? थोरला भाऊ सिकंदर तालमीत जायचा.

"म्या भांडी घासू? तालमीत कळलं तर मातीत पाय ठेवू देणार न्हाईत मला!"

"मग पातेल्यासंगं कुस्ती धर," हुसेनबी म्हणाली. "बघू कोण चीत हुतंय."

पातेलं जड गेलं. सिकंदर रोज अंगणात बसून घासायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच बजावायचा, "हसायचं काम न्हाई, पावणं."

आता बोटं बोलू लागली. रविवारी कोकमतेलाचं मधलं बोट सगळ्यांच्या पुढे गेलं. पाठोपाठ पाणी घातलेल्या ग्लिसरीनची करंगळी. अमीरबीनं आपणच रोजचा नेम ठरवला. संध्याकाळी हात कोमट पाण्यात भिजवायचे, ओलसर असतानाच वितळलेलं कोकमतेल चोळायचं, आणि वर जुन्या धोतराची चिंधी बांधायची. पण तेलाचा हात लागून रेशमाच्या एका तुकड्यावर डाग पडला. म्हणून सकाळी डाळीच्या पिठानं हात चोळून तेल उतरवायचं, साबण नाहीच. हे सगळं तिनं फळ्यावर लिहिलं, आणि वर्गातल्या बत्तीस मुलींनी उतरवून घेतलं. मला बसून ऐकायला मिळालं. शिक्षकाला याहून दुसरं काय हवं?

बुधवारी तिनं मला ओढतच दुकानात नेलं. बाळाबाई येऊन बसल्या होत्या. "दुपारपतूर माळ पायजे बरं का, घरात पाहुणं येऊन ठेपल्यात!" त्यांचा आवाज थेट चौकापर्यंत जायचा.

शमशुद्दीनभाईंनी लाल रेशमाचा एक पदर काढला. अमीरबीच्या दहाही बोटांवरून हळूहळू ओढला. पदर पाण्यासारखा सरकला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. एक तंतूही उचकटलेला नव्हता.

"बस," ते म्हणाले आणि गादीवर बाजूला सरकले.

अमीरबी बसली. पटवेगार ओवताना रेशीम पायाच्या अंगठ्याला अडकवतात, म्हणजे ते ताणलेलं राहतं. तिनं उजवा पाय पुढं केला, अंगठ्याला फास टाकला, आणि ओढला. कर्रर्र झालं. फास जागच्या जागी रुतला, आणि मऊ लाल रेशमाला कुसळं फुटली.

पाय! आठ दिवस आम्ही सगळ्याजणी हातांच्या मागे होतो. तिचा अंगठा आणि टाच शेतातल्या वाळल्या ढेकळासारखी उललेली होती, आणि कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"आता गं बया!" बाळाबाई म्हणाल्या.

अमीरबीनं माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. डोळे भरून आले, पण ती उठली नाही. खराब झालेला तुकडा तिनं कापला, नवा पदर काढला. कालिंदीची बोरमाळ समोर वाटीत होती आणि दुपार जवळ येत होती.

शमशुद्दीनभाईंनी पायातला लोकरी मोजा काढला. त्यांचा पाय पाहून मी चकित झाले. पन्नाशीच्या माणसाची टाच, पण लहान मुलाच्या गालासारखी.

"दिवाळीपास्नं रोज कोकमतेल चोळतोय," ते जरा लाजत म्हणाले. "बायामाणसागत दिसतंय म्हणून मोजं घालून बसतो. ह्ये मी तुला सांगितलं न्हाई, माझं चुकलं." त्यांनी पाय लेकीच्या पुढ्यात ठेवला. "पाय माझा, हात तुझं. ओव."

तिनं वडिलांच्या अंगठ्याला फास टाकला. रेशीम ताठ झालं. पहिला मणी सरकला, गाठ बसली. दुसरा सरकला. शमशुद्दीनभाई एकदाही हलले नाहीत. मध्येच मात्र ओरडले, "गुदगुल्या करू नगंस, माझा पाय हाय त्यो!" आणि अमीरबी इतकी हसली, की एखादा मणी घरंगळला असेल म्हणून बाळाबाईंनी ते पुन्हा मोजून घेतले.