चौथी नळी

मित्रांनो, मी एक जुनं चाडं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलं नसेल. पेरणीच्या पाभरीवर बसवलेला लाकडी वाडगा म्हणजे मी. माझ्या तळाला चार भोकं, प्रत्येक भोकाखाली वेळूची एक पोकळ नळी. वरून दाणे सोडले की ते चार नळ्यांतून रानातल्या चार तासांत, म्हणजे चार ओळींत, पडायचे. देगलूरकडच्या वीरण्णा सुतारानं मला बाभळीच्या गाठीतून कोरून काढलं.

उमरीजवळच्या रानात केवळाबाई माझ्यावर मूठ धरायची. बैलांमागं चालता चालता गायची:

चारी नळ्यांत पडो दाणा, मूठ सैल ठेव बाई
एक तास उपाशी ठेवून, रान हासत न्हाई

एखादी नळी मातीनं तुंबली तर पेरताना कळत नाही. दाणा आतच अडतो, बैल आपले पुढं चालत राहतात. उगवण झाली की हिरव्या रानात एक काळी रेघ दिसते. अशी रेघ दिसली की केवळाबाईला त्या दिवशी घास जात नसे.

मग ट्रॅक्टर आला. पाभर मोडून चुलीत गेली आणि मी गोठ्यात पडलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या.

मला तिथून उचललं ते केवळाबाईच्या सुनेनं, चंद्रप्रभानं. हे घर ख्रिस्ती. तिचा नवरा शरदचंद्र शाळेत मास्तर आणि चर्चचा पंच. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. येणाऱ्या प्रभूची वाट पाहायची, घर झाडायचं, त्याहून जास्त मन झाडायचं. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्याला दोन, असं करत चार: आशेची, शांतीची, आनंदाची आणि शेवटी प्रेमाची.

"चार भोकं, चार रविवार," चंद्रप्रभा म्हणाली. "आत्याबाईचं चाडं हाय की."

तिनं मला घासलं, करडईचं तेल चोळलं, मेणबत्त्यांना जांभळा कागद गुंडाळून त्या माझ्या चार भोकांत बसवल्या. मधोमध ज्वारीची रास घातली. नाताळची पांढरी मेणबत्ती तिच्यात उभी राहणार होती. लोक मला पाहायला येत. केवळाबाई तेव्हा होती. तिनं एक रीत घातली, की या चार आठवड्यांत दिवेलागणीला दाराला कडी लावायची नाही. "येणाऱ्याला कडी वाजवाया लावू नये," असं तिचं म्हणणं. ती गेल्यावरही रीत राहिली.

मास्तरांची एकुलती लेक शिल्पा. लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवायला गेली आणि तिथल्या डाळमिलीत कामाला असलेल्या शिवकुमारशी लग्न करून बसली. तो ख्रिस्ती नव्हता. मास्तरांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. पुढच्या आगमनकाळातही माझ्यावर चारी मेणबत्त्या पेटल्या. मला कुणी विचारलं नाही.

यंदा तिचा आईला फोन आला: चौथ्या रविवारी येते, लेकरू दाखवायला. चंद्रप्रभानं मास्तरांना सांगितलं. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याला ती होकार समजली आणि करंज्यांसाठी खोबरं किसायला बसली.

त्या संध्याकाळी प्रार्थना आमच्याच घरी होती. मास्तर छान बोलतात. "आगमन म्हणजे नुसती मेणबत्ती नव्हे. उंबरा मोकळा ठेवा. तो कोणत्या रूपानं दारात येईल, सांगता येत नाही." त्यांनी चौथ्या मेणबत्तीसाठी काडी ओढली आणि दार ढकललं गेलं. शिल्पा. खांद्यावर कानटोपीतलं लेकरू. मागं ऑटोपाशी शिवकुमार उभा.

शेजारची लक्ष्मीबाई म्हणाली, "मास्तर, तुमचं बोलणं लगेच खरं झालं की. पाहुणा आलाच बगा."

दोघंतिघं हसले. मास्तर हसले नाहीत. "मी प्रभूची वाट पाहून राहिलोय. हिची न्हाई."

"बाबा, प्रार्थनेपुरती बसते. मागं बसते."

"प्रार्थना चालू हाय. मधी कुणी उठू नका."

त्यांनी दार लावलं. कडी घातली. हातातली काडी विझली होती, म्हणून दुसरी ओढली आणि प्रेमाची मेणबत्ती पेटवली. सगळ्यांनी हात जोडले. लक्ष्मीबाईनंसुद्धा.

चंद्रप्रभा उठली. तिनं ती जळती मेणबत्ती माझ्यातून उपसली, कडी काढली आणि अंगणात गेली. ऑटो वळणावर पोचला होता. ती परत आली तेव्हा मेणबत्ती विझलेली, हातावर मेण सांडलेलं. दुसऱ्या मुठीत कुंडीतली ओली माती होती. ती तिनं माझ्या चौथ्या भोकात दाबून बसवली.

"हे काय करून राहिलीस?" मास्तर म्हणाले.

"काय न्हाई. नळी तुंबलीय. पेरताना कुठं कळतं? उगवल्यावर दिसंल."

नाताळला मधली पांढरी मेणबत्ती पेटली. भोवती तीनच. कुणी विचारलं तर मास्तर सांगत, एक मोडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं माझ्या जातीच्या वस्तू शेवटी सांगतात. मला जपू नका. तेल लावलं नाही तरी बाभळीला काही होत नाही. पण माझ्या भोकातली माती आता वाळली आहे. एका काडीनं ती निघेल. ज्यानं ती काढायची, तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "प्रभू, ये."

दाराची कडी लावलेली असते.