सिद्धम्मा आत्याची साक्ष

उदगीरच्या वाचनालयात मी राज्यघटनेवर बोलत असे. बसवंत वकील बोलणार म्हटलं की आडत दुकानदारांपासून मास्तरांपर्यंत पन्नास-साठ माणसं सतरंजीवर येऊन बसत, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. माझा हातखंडा विषय एकच, केरळातल्या एका मठाच्या स्वामींचा खटला. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा निकाल. संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. इथे मी थोडा थांबायचो, पाण्याचा घोट घ्यायचो, आणि लोक माना डोलवायचे.

तो निकाल त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये लागला, मोठ्या दुष्काळात. मी नुकती सनद घेतली होती. बाहेर लोक खडी फोडत होते आणि मी वर्तमानपत्रातली कात्रणं पाठ करत होतो. त्याच उन्हाळ्यात जळकोटकडच्या एका खेड्यात माझ्या आत्याच्या शेतात विहीर खोदली जात होती.

आत्या म्हणजे सिद्धम्मा, वडिलांची धाकटी बहीण. विहिरीला पाणी लागलं, तिच्या यजमानांनी, वीरण्णा मामांनी, काठावर मोसंबीची चाळीस रोपं लावली, आणि दोन वर्षांत ते गेले. मूलबाळ नव्हतं. आत्या त्या झाडांशी बोलायची. मी एकदा बांधावर झोपलो होतो तेव्हा ऐकलं, ती एकेका झाडाला आज काय स्वयंपाक केला ते सांगत होती.

मग पुन्हा दुष्काळ आला. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पाट्यांचा रंग ओला, कचेऱ्यांत चुन्याचा वास, आणि नव्या जिल्ह्याचा पहिलाच उन्हाळा असा की दुपारी डांबरी रस्त्यावर नदी वाहते आहे असं दिसायचं. तहसीलदारानं हुकूम काढला, आत्याची विहीर टंचाईसाठी ताब्यात. पाणी सगळ्या गावाला प्यायला, बागेला बंद.

मी पेटलोच. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिला नव्हता, चार वर्षांपूर्वी तो घटनेच्या मानाच्या ओळीतून उठून तीनशे-क या एका वाक्याच्या कलमात जाऊन बसला होता. पण वाक्य तर होतं! कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. आत्याला नोटीस नाही, सुनावणी नाही. मी लातूरला दिवाणी दावा ठोकला आणि तात्पुरती मनाई मिळवली. गावासाठी विहिरीला कुलूप पडलं, बागेला पाणी चालू राहिलं. माझी छाती दोन बोटं फुगली.

“बसवंता, झाडं वाचतेत न्हवं?” एवढंच आत्यानं विचारलं.

“वाचतेत आत्या. साक्षीत तीन गोष्टी सांगायच्या. विहीर मामांनी खोदली, पदरमोड करून खोदली, दुसऱ्या कुणाचा तिच्यावर हक्क न्हाई.”

“आन् शपथ?”

“शपथेचं काय, कारकून चार शब्द सांगतो, ते मागं म्हणायचे.”

ही माझी चूक. घटनेचे सगळे वाद कोळून प्यालेल्या माणसानं आपल्याच घरातली रीत विसरावी, याला काय म्हणावं?

जुन्या फायली अजून उस्मानाबादहून यायच्या होत्या, म्हणून आमचा नंबर लवकर लागला. आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. मागच्या बाकावर लिंबाजी बसला होता, मांगवाड्यातला, पन्नाशीचा. सरकारनं त्याला साक्षीला बोलावलं होतं. तो आत्याला “रामराम माय” म्हणाला, आत्यानं मान हलवली. सबंध वाटेत मी अर्धवट झोपेत होतो. खिडकीबाहेर पिवळी रानं सरकत होती आणि मला वाटत होतं की तेरा काळे डगले बांधाबांधानं चालले आहेत, पाणी शोधत.

कोर्टात आत्या पिंजऱ्यात उभी राहिली. कारकून म्हणाला, “म्हणा, मी ईश्वरसाक्ष शपथ घेते...”

“थांब बाबा,” आत्या म्हणाली. तिनं गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. “ईश्वर हितं हाय. ह्याला आधी पाणी लागतंय.”

आम्हा लिंगायतांच्या घरात लिंग डबीतून बाहेर आलं की आधी पाणी, मग बोलणं. जज्जसाहेब तरुण होते, हसले नाहीत. शिपायाला खूण केली. शिपाई माठाशी गेला आणि रिकामा पेला घेऊन परत आला. नव्या जिल्ह्याच्या कोर्टात थेंब नव्हता. पंखा फिरत होता, आत्याचा हात तसाच पुढे होता, आणि सगळे त्या उघड्या तळव्याकडे पाहत होते.

दाराशी लिंबाजी उभा होता. त्याच्या खांद्याला पाण्याची बाटली होती. सगळ्यांची नजर तिच्यावर गेली आणि तो एक पाऊल मागे सरला.

“माय, नदीतल्या झिऱ्याचं हाय. गढूळ हाय.” मग हळूच, “आन् माझ्या घरचं हाय.”

“लिंगाला घर नसतंय, लिंबाजी. ओत.”

तो पुढे आला. तांबूस पाण्याची धार आत्याच्या तळव्यावर पडली, लिंग भिजलं. आत्यानं डोळे मिटले, तळहातातलं ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, “हां, इचार आता.”

प्रश्न माझा होता. मीच लिहिलेला, मीच घोकून घेतलेला. “विहीर कोणी खोदली?”

आत्यानं लिंगाकडे पाहिलं. मग लिंबाजीकडे.

“ह्यानं. ह्यानं आन् ह्याच्या वाड्यातल्या बावीस माणसांनी. माझे मालक म्हनले व्हते, पानी लागलं तर तुमचंबी. पानी लागलं. मंग त्येंला पायरी उतरू दिली न्हाई. वरून वतून द्यायचे. मीबी वतलंय.”

मला हे माहीत होतं. हे लिहून टाकलं पाहिजे, म्हणून लिहितो. वरून ओतलेलं पाणी खाली घागरीत झेलणाऱ्या बाया मी नवा वकील असताना पाहिल्या होत्या. अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम मला तोंडपाठ होतं, वाचनालयात मी ते डोळे पाणावून म्हणायचो. आत्याच्या दाव्यात मात्र मी त्याला शिवलो नाही. मला माझीच लाज वाटली, आणि भर कोर्टात वाटली.

सरकारी वकिलानं उलटतपास घेतलाच नाही. कशाला घेईल?

मनाई उठली, विहीर गावाला खुली झाली आणि बागेचं पाणी तुटलं. परतीच्या एसटीत ऊन तिरपं आलं होतं. लिंबाजी मागे बसायला निघाला तेव्हा आत्यानं त्याला आपल्या समोरच्या बाकावर बसवलं. मग आत्यानं विचारलं, “बसवंता, त्या तुझ्या स्वामींला मठाची जमीन मिळाली का रं?”

दहा वर्षं मी तो खटला सांगत होतो. हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता.

“न्हाई आत्या. त्यांच्या हाती काही लागलं न्हाई. पण त्यांच्यामुळं सगळ्यांची घटना वाचली.”

“असं म्हन की.” तिनं डबीवरून अंगठा फिरवला. “मंग आपलंबी तसंच हाय.”

मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं कानावर आवाज आला म्हणून पाहिलं, तर आत्या खिडकीच्या गजाला कपाळ लावून रडत होती. पदर तोंडात कोंबलेला होता, तरी हुंदका बाहेर येत होता.

“झाडं मातर ह्येंच्या हातची व्हती रं,” ती म्हणाली. “आता मी सांजच्याला कुनाशी बोलू?”

लिंबाजीनं बाटली पुढे केली. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. आत्या ते प्याली नाही. तिनं बूच घट्ट लावून बाटली मांडीवर घेतली, आणि गाव येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली, झाडाला घालायला.