जमादारीण मोजत होती

"आता सांगतो ते कुणाला खरं वाटायचं नाही. पण मी या डोळ्यांनी पाहिलंय," घड्याळजी म्हणाले. ते डोळे अधू झाले म्हणूनच दुकानाला कुलूप लागलं होतं, एवढं मात्र त्यांनी गाळलं.

सून उपड्या बादलीवर बसली होती. मांडीवर तलंग, अजून एकही अंडं न घातलेली कोवळी कोंबडी, डोक्यावरची पिसं पार उपटलेली. सून जखमेवर जांभळं औषध लावत होती. लाल दिसलं की बाकीच्या पुन्हा तिथंच टोचतात.

"बाबा, चार आणल्या होत्या. तीनच आहेत."

"अगं, तेच तर सांगतोय!"

नव्यांना पंधरा दिवस जाळीपलीकडे ठेवायचं, जुन्या सातजणींना नुसतं बघू द्यायचं, असं तिनं बजावलं होतं. मागच्या खेपेला घाई नडली आणि दोन गेल्या. "पुन्हा असं झालं तर खुराड्याची किल्ली माझ्याकडे," ती तेव्हाच म्हणाली होती. दुकान गेल्यावर घड्याळजींच्या हाती तेवढंच उरलं होतं. आज कुठं चौथा दिवस.

"पहिल्या दिवशी जमादारीण जाळीशी येऊन उभी राहिली," त्यांनी आवाज उतरवला. जमादारीण म्हणजे सातांतली थोरली, काळीकुट्ट, एका डोळ्याची. "दाणा नाही, पाणी नाही. नुसती मोजत होती. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे बाकीच्या सहा. माना वळायच्या त्या सातही एकदम, सेकंदकाट्यासारख्या! तिसऱ्या दिवशी तिनं नखानं मातीत चार रेघा ओढल्या. आणि आज सकाळी त्यातली एक पुसली."

सुनेचा हात थांबला. खुराड्यात सातहीजणी दांडीवर गप्प होत्या. जमादारीण तेवढी दांडीला चोच घासत होती. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. घड्याळजींच्या अंगावर खरोखरच काटा आला. सकाळीही ती अशीच चोच पुसत होती.

"मग?"

"मग काय! चोचीनं कडी उचलली, आत शिरली आणि चौथीला घेऊन गेली कुंपणापलीकडे. परत आली ती एकटीच. पीससुद्धा मागे ठेवलं नाही."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मी? इथंच, खुर्चीत. डुलकीबिलकी काही नाही हं!"

सुनेनं तलंग अलगद टोपलीत ठेवली. लिंबाखालची माती ताजी उकरून थापटलेली दिसत होती. भिंतीला टेकवलेल्या फावड्यावरून अजून पाणी ठिबकत होतं. तिनं किल्लीसाठी हात पुढे केला.

"बाबा, जमादारीण फावडंही धुऊन ठेवते का हो?"